दरबारातून दिल्लीत : बिरजू महाराजांची सत्तर वर्षे

या टिपणात आपण कथक नर्तक आणि नृत्यरचनाकार पंडित बिरजू महाराज यांची कारकीर्द पाहणार आहोत. हे टिपण चरित्राच्या अंगाने जाते, पण वाचताना एक प्रश्न मनात ठेवा : एखाद्या कलेला पोसणारा आश्रयदाताच नाहीसा झाला, तर त्या कलेचे काय होते? आणि ती टिकली, तर कोणाच्या कष्टाने, कोणत्या पगारावर, कोणत्या इमारतीत टिकते? कलेच्या इतिहासात प्रतिभेबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि पगाराबद्दल फार कमी. मी अभियांत्रिकीचा शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला दुसरा प्रश्न अधिक खुणावतो.

सुरुवात लखनौपासून करू. अवधचे नवाब वाजिद अली शाह हे संगीत आणि नृत्याचे मोठे आश्रयदाते. त्यांच्या दरबाराशी ज्या कथक कुटुंबाचे नाव जोडले जाते, त्यात पुढे कालिकाप्रसाद आणि बिंदादीन हे दोन भाऊ झाले. लखनौ घराण्याची परंपरा या भावांपासून सांगतात. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाबांची रवानगी कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला झाली. एक मोठा दरबार असा संपला. मात्र छोटी संस्थाने उरली होती, आणि कलावंत त्यांच्या आश्रयाला गेले. कालिकाप्रसादांचे थोरले चिरंजीव अच्छन महाराज रामपूरच्या नवाबांकडे नोकरीला होते. ४ फेब्रुवारी १९३८ रोजी लखनौत त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ब्रिजमोहन. हेच पुढचे बिरजू महाराज.

दरबारी नोकरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शालजोडी आणि मोहरा येतात. बिरजू महाराजांनी आपल्या लहानपणाच्या ज्या आठवणी सांगितल्या आहेत, त्या वेगळे चित्र दाखवतात. सहाएक वर्षांच्या या मुलाचा नाच नवाबांना आवडला. मग चुडीदार, अचकन, साफा घालून त्याला दरबारात नाचायला जावे लागे आणि पाय मागे दुमडून बसावे लागे. आई त्यामुळे हैराण झाली होती. वडिलांनाही बावीस वर्षांच्या त्या चाकरीतून सुटका हवी होती. मुलगा येणार नसेल तर तुम्हीही नको, असे नवाबांनी रागावून सांगितले, तेव्हा अच्छन महाराजांनी मिठाई वाटली आणि हनुमानाला प्रसाद चढवला. नोकरी गेली म्हणून पेढे वाटणारा माणूस! दरबाराच्या आश्रयाला जी किंमत मोजावी लागे, ती या एका प्रसंगातून जितकी कळते तितकी वर्णनांतून कळत नाही.

रामपूर सुटल्यावर अच्छन महाराज दिल्लीत निर्मला जोशी यांच्या संगीत-नृत्य शाळेत शिकवू लागले. तिथे त्यांच्याकडे शिकणाऱ्यांत एक तरुण मुलगी होती, कपिला. पुढे कपिला वात्स्यायन या नावाने भारतीय कलांच्या अभ्यासक म्हणून त्या ओळखल्या गेल्या. हे नाव लक्षात ठेवा, ते लवकरच पुन्हा येणार आहे.

वडील गुरू म्हणून किती कडक होते, याचीही एक आठवण आहे. मुलाला गंडा बांधायचा, म्हणजे विधिपूर्वक शिष्य करून घ्यायचे, तर गुरूला नजराणा द्यावा लागतो. मुलगा स्वतःच्या कमाईतून नजराणा देईपर्यंत गंडा बांधणार नाही, असे वडिलांनी सांगितले. मुलाने दोन कार्यक्रमांची सगळी मिळकत, पाचशे रुपये, त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हा कुठे गंडा बांधला गेला.

मे १९४७ मध्ये अच्छन महाराज गेले. मुलगा नऊ वर्षांचा होता. घरात दशक्रियेपुरतेही पैसे नव्हते. त्या दहा दिवसांतच या मुलाने दोन ठिकाणी कार्यक्रम केले, पाचशे रुपये जमले आणि मग वडिलांचे दहावे-तेरावे झाले. पाचशे हाच आकडा, दोन कार्यक्रम हाच हिशोब. एकदा गंड्यासाठी आणि एकदा दिवसांसाठी. पुढची काही वर्षे ओढगस्तीची गेली. कानपूरला पंचवीस-पंचवीस रुपयांच्या दोन शिकवण्या धरून तो स्वतःचे शालेय शिक्षण चालवत होता. तालमीवर मात्र आईचे बारीक लक्ष असे. घराण्यातल्या ठुमऱ्या आणि वडील-आजोबांच्या अदा तिच्या स्मरणात होत्या. तिने कधी मंचावर पाऊल टाकले नाही, पण त्या काळात घराण्याचा ठेवा तिच्यापाशी होता.

आता वर्ष बघा. १९४७. संस्थाने विलीन होऊ लागली होती, आणि संस्थानांबरोबर नर्तकांच्या नोकऱ्याही संपत होत्या. अच्छन महाराजांसह हे तिघे भाऊ तीन वाटांनी गेले. थोरल्याची वाट आपण पाहिली : संस्थान, मग दिल्लीची शाळा. मधले लच्छू महाराज मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. ‘मुघल-ए-आझम’च्या नृत्यांमागे त्यांचा हात आहे. पुण्याच्या रोहिणी भाटे त्यांच्याकडेच लखनौ घराण्याचे कथक शिकल्या. धाकटे शंभू महाराज पुढे दिल्लीत भारतीय कला केंद्रात गुरू झाले. संस्थान, सिनेमा आणि संस्था. शंभर वर्षांत कलेच्या आश्रयाचे जे स्थित्यंतर झाले, ते एका घरातल्या तीन भावांत दिसते.

तेरा-चौदा वर्षांच्या बिरजूला दिल्लीत आणले ते कपिलाजींनी. आपल्या गुरूचा मुलगा लखनौत काय करतो आहे हे त्यांनी पाहिले आणि त्याला दिल्लीच्या ‘संगीत भारती’मध्ये शिक्षकाची नोकरी मिळवून दिली. पगार महिना १७५ रुपये. तो दरियागंजला राहत असे आणि बस पकडून रीडिंग रोडला, म्हणजे आजच्या मंदिर मार्गाला, शिकवायला जात असे. तुमच्यापैकी बहुतेकांनी ज्या वयात आठवी-नववीची परीक्षा दिली, त्या वयात हा मुलगा आपल्यापेक्षा मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवत होता.

इथे थोडे थांबू, कारण शाळेत नृत्य शिकवणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. दरबारी परंपरेत शिष्य गुरूच्या घरी राहतो, पाणी भरतो, ऐकतो, पाहतो आणि कधीतरी शिकतो. गुरूला काही समजावून सांगावे लागत नाही. शाळेत वेळापत्रक असते. घंटा होते, दहा-पंधरा जण समोर उभे राहतात, तास संपतो. कोणाला लय आहे, कोणाला नाही. अशा वर्गाला शिकवायचे तर जे शरीरात मुरलेले आहे ते सुटे करून सांगावे लागते : हात इथून इथे येतो, मान या मात्रेला वळते, वजन या पायावर आहे. प्रयोगशाळेत पहिल्यांदा शिकवणाऱ्या कोणालाही हा अनुभव येतो. जे आपल्याला सहज जमते तेच समजावून सांगणे सगळ्यांत अवघड जाते. बिरजू महाराजांच्या नाचातली रेषांची सफाई जाणकार वाखाणतात. माझे मत असे की त्या सफाईमागे घराण्याइतकीच ही वर्गातली वर्षेही आहेत.

संगीत भारतीत शिकवायला मिळे, पण मंचावर जाण्याची संधी मिळेना, म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. मग आले भारतीय कला केंद्र. सुमित्रा चरतराम यांनी १९५२ मध्ये ते उभे केले. दिल्लीत त्या वेळी नवे प्रजासत्ताक स्वतःची सांस्कृतिक ओळख घडवत होते. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी स्थापन झाली आणि वर ज्यांचा उल्लेख आला त्या निर्मला जोशी तिच्या पहिल्या सचिव झाल्या. दिल्लीला गेलात तर मंडी हाउस मेट्रो स्थानकावर उतरा. कला केंद्र, कमानी सभागृह, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, अकादमीचे रवींद्र भवन हे सगळे पायी फिरण्याच्या अंतरात आहे. जुन्या दरबाराची जागा या चौकाने घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

या काळातले त्यांचे खरे काम म्हणजे समूहरचना. ते नीट समजण्यासाठी कथकचा मूळ स्वभाव पाहावा लागेल. कथक हा एकट्याचा नाच. नर्तक आणि तबलजी यांच्यात सवाल-जवाब चालतो, नर्तक तोंडाने बोल म्हणून दाखवतो, म्हणजे पढंत करतो, मग तेच पायांतून काढतो. त्या वेळी सुचेल ते, म्हणजे उपज, हा त्याचा प्राण. प्रेक्षक चार हातांवर बसलेला असतो. भुवई उचललेली त्याला दिसते. आता हेच कमानीसारख्या सभागृहात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे. मंच रुंद, भुवई दिसत नाही, आणि एकटा माणूस त्या मंचावर हरवतो. दहा-बारा नर्तक उभे केले तर उपज करता येत नाही, कारण दहा जणांना एकाच क्षणी एकच गोष्ट सुचत नाही.

हा प्रश्न त्यांच्याआधीही कोणाला तरी पडला होता. मॅडम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी १९३० च्या दशकात मुंबईत कथकवर आधारलेली समूहनृत्ये बसवली, आपला संच युरोपात नेला आणि १९३८ मध्ये आपल्या खंडाळ्याला ‘नृत्यालयम’ ही शाळा काढली. दमयंती जोशी त्यांच्याच तालमीत वाढल्या. लोणावळा-खंडाळ्याला चिक्की घ्यायला थांबणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? कथकच्या समूहरचनेचा इतिहास दिल्लीत सुरू झाला असे कोणी सांगितले, तर खंडाळ्याची आठवण करून द्या. पण शाळा फार काळ चालली नाही आणि मेनका १९४७ मध्ये वारल्या. त्यांच्यामागे सरकार नव्हते, कायमचा पगार देणारी संस्था नव्हती. दिल्लीत त्या दोन्ही गोष्टी होत्या.

कला केंद्राने ‘मालती-माधव’, ‘कुमारसंभव’, ‘शान-ए-अवध’, ‘दालिया’ अशी कथकमधील नृत्यनाट्ये केली. त्यांतून बिरजू महाराज नर्तक आणि रचनाकार म्हणून घडले. १९६४ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा ते पंचविशीतच होते. कला केंद्रातूनच निघालेले कथक केंद्र १९६९ मध्ये अकादमीच्या अखत्यारीत आले. तिथे ते गुरू आणि पुढे प्रमुख होते. ‘लय परिक्रमा’सारख्या रचनेत तर कथाच नाही, लय हाच विषय.

लय हा विषय कसा होऊ शकतो, हे तुम्ही कागदावर करून पाहू शकता. तीनतालाच्या एका आवर्तनात १६ मात्रा असतात आणि पहिलीला सम म्हणतात. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा, मध्ये दोन सारखे थांबे, आणि तिसऱ्या तुकड्याची शेवटची मात्रा बरोबर पुढच्या समेवर. समेपासून निघून पुढच्या समेवर यायचे तर एकूण १७ मात्रा भरायला हव्यात. तुकडा ‘त’ मात्रांचा आणि थांबा ‘थ’ मात्रांचा धरला तर ३त + २थ = १७. पाच मात्रांचा तुकडा घेतला तर थांबा एक मात्रेचा. तीन मात्रांचा घेतला तर थांबा चार मात्रांचा. दोन आवर्तने घेतली तर बेरीज ३३ हवी : तुकडा नऊ, थांबा तीन. समीकरण शाळकरी आहे, पण ते दीडशेच्या लयीत पायांतून काढणे शाळकरी नाही.

आता एकट्या नर्तकाऐवजी तीन रांगा उभ्या करा. पहिला तुकडा डावीकडच्या रांगेला, दुसरा मधलीला, तिसरा उजवीकडचीला. थांब्यात बाकीचे स्तब्ध. जे एका शरीरात काळात घडत होते ते आता मंचावर जागेत घडते. प्रेक्षकाला तिहाई ऐकू येते तशी चालत जाताना दिसतेही. हे माझे सोपे केलेले उदाहरण आहे, त्यांच्या एखाद्या विशिष्ट रचनेचे वर्णन नव्हे. पण त्यांच्या समूहरचनांमागचे तत्त्व यावरून कळेल. बाहेरच्या बॅलेतून रचना उसनी न घेता त्यांनी ती तालाच्या पोटातून काढली.

आणि उपज? ती त्यांनी एकल कार्यक्रमांसाठी राखून ठेवली. तिथे ते टेलिफोनवरचे संभाषण, पिलांना भरवणारी चिमणी, नुसती आकड्यांची गिनती अशा रोजच्या गोष्टींच्या तिहाया बांधत. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरणाऱ्या फाइलवरही त्यांची रचना आहे, ‘फाइल कथा’. राधा-कृष्णाच्या छेडछाडीइतकीच सहजता त्या फाइलमध्येही होती. दिल्लीत इतकी वर्षे सरकारी संस्थेत काढलेल्या माणसालाच ती सुचावी!

या इतिहासाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. उत्तर भारतातला हा नाच केवळ कथक कुटुंबांतल्या पुरुषांनी जपलेला नव्हता. ठुमरी आणि भाव यांची मोठी परंपरा तवायफांच्या कोठ्यांवर होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचगाण्याविरुद्ध चळवळ झाली, आणि स्वातंत्र्यानंतर ज्या संस्था निघाल्या त्यांत कुलीन घरांतल्या मुली शिकायला आल्या, घराण्यातले पुरुष गुरू झाले, आणि तवायफांना त्या वर्गाच्या दारात स्थान मिळाले नाही. बिरजू महाराजांची चिकाटी खरी आहे. पण त्यांना जे दार कपिलाजींनी उघडून दिले, तसे दार त्याच काळात त्याच कलेतल्या अनेक स्त्रियांना कोणी उघडले नाही, हेही तितकेच खरे आहे. लावणी आणि संगीतबारीच्या इतिहासात हा प्रश्न आपल्याकडेही आहे, तो तुम्ही स्वतंत्रपणे अभ्यासा.

रोहिणी भाटे यांनी पुण्यात १९४७ मध्ये ‘नृत्यभारती’ सुरू केली, ती सरकारी पगाराशिवाय. मध्यमवर्गीय पालकांच्या फीवर, पुस्तके लिहीत, शिष्या घडवत ती संस्था उभी राहिली. दिल्लीचा मार्ग हाच एकमेव मार्ग होता असे समजू नका.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. १९७७ च्या ‘शतरंज के खिलाडी’साठी सत्यजित राय यांना वाजिद अली शाहांच्या दरबारातले नृत्य हवे होते. ते बसवले बिरजू महाराजांनी, त्यातली ठुमरीही गायली, आणि पडद्यावर नाचल्या त्यांच्या शिष्या शाश्वती सेन. ज्या दरबाराच्या अस्तापासून आपण हे टिपण सुरू केले, तो दरबार घराण्याच्या वंशजाने कॅमेऱ्यासमोर पुन्हा उभा केला. पुढे ‘देवदास’मध्ये माधुरी दीक्षित आणि ‘बाजीराव मस्तानी’मध्ये दीपिका पदुकोण त्यांच्या रचनांवर नाचल्या, ‘विश्वरूपम’साठी त्यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्ही त्यांना बहुधा याच चित्रपटांमुळे ओळखत असाल. राय यांच्या चित्रपटातले दृश्य मात्र आवर्जून पाहा, कारण तिथे कॅमेरा नर्तिकेला पूर्ण शरीरानिशी पाहू देतो. नंतरच्या चित्रपटांत संकलनाची कात्री फार चालते.

१९८६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १९९८ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी ते कथक केंद्रातून निवृत्त झाले, नियमानुसार, कोणत्याही सरकारी नोकरासारखे. निवृत्तीनंतर त्यांनी दिल्लीतच ‘कलाश्रम’ ही स्वतःची संस्था काढली आणि ऐंशी ओलांडल्यावरही शिकवणे चालू ठेवले.

शेवटचा भाग आश्रयाचाच आहे. दिल्लीत नामवंत कलावंतांना सरकारी घरे अल्प भाड्याने देण्याची पद्धत होती. २०२० मध्ये केंद्र सरकारने अशा कलावंतांना वर्षअखेरपर्यंत घरे रिकामी करण्याच्या नोटिसा दिल्या. या वाटपांची मुदत २०१४ मध्येच संपली आहे, असे सरकारचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती; घरे सार्वजनिक आहेत आणि नियम सर्वांना सारखे असावेत. पण कलावंताला निवृत्तिवेतन, विमा, घर यांची कोणतीही कायमची व्यवस्था न करता केवळ मर्जीने घर द्यायचे आणि मर्जी फिरली की काढायचे, ही रीत रामपूरच्या नवाबांपेक्षा फार वेगळी नाही. नोटीस मिळालेल्यांत बिरजू महाराज होते. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि त्यांना स्थगिती मिळाली. १७ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवसाला तीन आठवडेही उरले नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, नव्वदी ओलांडलेले ओडिसी गुरू मायाधर राऊत यांचे सामान दिल्लीच्या एशियन गेम्स व्हिलेजमधील सरकारी घरातून बाहेर रस्त्यावर आणून ठेवण्यात आले. त्यांनाही पद्मश्री मिळालेली होती.